दोन बनियान

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, कूलरसमोर बसलं तरी घाम थांबत नाही, आणि मी त्या उन्हात शर्टाच्या आत दोन बनियान घालायचो. आतली एक साइज लहान. अशी दहा वर्षं काढली. यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातलं आमचं गाव, पाच एकर कोरडवाहू, कापूस आन् तूर. गावात कोणी प्लास्टिक सर्जरी म्हटलं की सगळ्यांना हिरॉइनीच आठवतात, आणि माझ्या छातीच्या ऑपरेशनबद्दल कळलं तेव्हा एक दोघं तोंडावर म्हणाले की शेतकऱ्याच्या पोराला हे थेर कशाला पाहिजेत. म्हणून लिहून राहिलो. मला देखणं दिसायचं नव्हतं. माझ्याकडे कोणाचं लक्ष जाऊ नये एवढंच पाहिजे होतं.

आठवीत असताना सुरू झालं, २०१४ चं साल. आधी निपलच्या खाली सुपारीएवढी गाठ लागायची, हात लागला की दुखायचं, मग दुखणं गेलं पण दोन्ही बाजू फुगत गेल्या. मी जाडा नव्हतो, हातपाय काडीसारखे आणि छाती मात्र पोरीसारखी. शाळेत पीटीच्या तासाला कबड्डी असायची, सर दोन टीम पाडायचे, एक शर्टवर आणि एक उघडी, म्हणजे खेळताना ओळखू येईल. मी ज्या दिवशी उघड्या टीममध्ये आलो त्या दिवसापासून माझं एक नाव पडलं, ते नाव मी इथं लिहिणार नाही, दहावी होईपर्यंत ते गेलं नाही. कबड्डी सोडली. विहिरीत पोहणं सोडलं, जे मला सगळ्यात जास्त आवडायचं, दुपारी पोट्टे धावत जाऊन उड्या मारायचे आणि मी काठावर सगळ्यांचे कपडे सांभाळत बसायचो, म्हणायचो मले सर्दी हाय. खांदे पुढे घेऊन चालायची सवय लागली, म्हणजे शर्ट छातीला चिकटत नाही. बाबा म्हणायचे, सरळ चाल न बे, म्हाताऱ्यावानी काऊन चालतं.

बारावीनंतर जिममध्ये गेलो, दारव्ह्याला. तिथल्या एकानं सांगितलं की बेंच प्रेस मार, चरबी हाय, वितळते. वर्षभर मारले. झालं उलटं, आतून मसल वाढला आणि त्यानं ती गाठ अजून पुढे ढकलली. नंतर समजलं की ती चरबी नव्हतीच, ग्रंथी होती, आणि ग्रंथी व्यायामानं जात नाही. त्याच जिममध्ये एक जण इंजेक्शन विकायचा, बॉडी बनवायचं, मलाही घे म्हणे. पैसे नव्हते म्हणून वाचलो, कारण त्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनांनीच कित्येक चांगल्या पोट्ट्यांची छाती अशी होते, हे मला पुढं डॉक्टरांनी सांगितलं. बाहेरून शरीरात जास्तीचं पुरुषी हार्मोन घातलं की त्यातलं काही शरीर बायकी हार्मोनमध्ये बदलतं.

पोलीस भरतीचं मात्र मनापासून होतं. आमच्या भागात पोट्ट्यांना दोनच रस्ते दिसतात, भरती नाही तर पुणे. मी सकाळी चारला उठून डांबरी रोडवर धावायचो, १६०० मीटर ५ मिनिटं २० सेकंदांपर्यंत आणलं होतं, गोळा बऱ्यापैकी जायचा. जानेवारी २०२३ ला यवतमाळला भरतीची मैदानी चाचणी होती. पहाटे थंडीत लाइन लागली. पोरांसाठी उंची १६५ सेंटीमीटर पाहिजे आणि छाती न फुगवता ७९, फुगवून ५ सेंटीमीटर वाढली पाहिजे, हे मला तोंडपाठ होतं. पण छाती मोजायला शर्ट बनियान काढून उघडं उभं राहावं लागते, शेकडो पोरांच्या मधात, ही गोष्ट मी डोक्यातून मुद्दाम बाजूला ठेवली होती. लाइन पुढं सरकत गेली, माझ्या पुढं असतील वीस बावीस जण, सगळ्यांनी शर्ट काढून हातात धरलेले, आणि माझे हात बटनावरच थांबले. मी लाइनीतून निघालो. लघवीला जातो असं मागच्याला सांगितलं आणि गेटच्या बाहेर पडलो ते सरळ बस स्टँडवर.

घरी सांगितलं रनिंगमध्ये बाहेर झालो. बाबांनी काही म्हटलं नाही, त्यांनी त्या सकाळी गावातल्या मारुतीला नारळ फोडला होता. ते खोटं बोलणं मला आजही जड जाते. लोक विचारतात न की पोरं अशी ऑपरेशनं काऊन करतात, तर माझ्यापुरतं उत्तर त्या गेटपाशी आहे. वर्षभर रोज चारला उठून केलेली मेहनत मी एका शर्टापायी टाकून आलो होतो.

त्यानंतर मोबाइलवर शोधाशोध सुरू केली. एकदा शोधलं की जाहिराती मागंच लागतात, अर्ध्या तासात काम, डाग नाही, बिनव्याजी हप्ते. एका ठिकाणी नंबर टाकला तर दहा मिनिटांत एका मॅडमचा फोन, हिंदीतून, सर आज बुक करा, आजच सूट आहे, आधी पाच हजार भरा. मी विचारलं डॉक्टर कोण, तर म्हणे आमची टीम आहे. डॉक्टर मला तपासणार कधी, तर म्हणे ऑपरेशनच्या दिवशी सकाळी. मी घाईत होतो, पैसे भरायच्या अगदी जवळ गेलो होतो, खरं सांगतो. एवढी लाज साचलेली असली की जो पहिला माणूस म्हणतो हे होऊन जाईल त्याच्या मागं माणूस जातो. त्या धंद्यावाल्यांना हे बरोबर माहीत आहे, आणि मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त राग कशाचा येत असेल तर याचा येतो.

रस्ता सापडला तो खोकल्यानं. ग्रामीण रुग्णालयात खोकल्यासाठी गेलो होतो, तिथं एक तरुण डॉक्टर मॅडम होत्या, स्टेथोस्कोप लावायला म्हणाल्या शर्ट वर कर, मी केला नाही. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, सिस्टरला बाहेर पाठवलं, दरवाजा लोटला आणि विचारलं, काय झालं भाऊ. इतक्या वर्षांत हा प्रश्न मला पहिल्यांदा कोणी विचारला होता. मी सांगून टाकलं, सगळं, बनियानीपासून भरतीपर्यंत. त्यांनी त्याला नाव दिलं, गायनेकोमॅस्टिया. म्हणाल्या वयात येताना खूप पोरांना हे होतं, त्या वयात दोन हार्मोन्सचा तोल वरखाली होतो, बहुतेकांचं सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप बसतं, काहींचं राहून जाते. तुझं राहिलं, तुझी काही चूक नाही. मी तोवर समजत होतो की माझ्यात काहीतरी पुरुषात कमी आहे. नावानं काय होतं असं वाटेल कोणाला, पण ज्या गोष्टीला नाव आहे ती बाकीच्यांनाही होते, हे मला त्या दिवशी कळलं.

त्यांनी सरळ ऑपरेशनला नाही पाठवलं. आधी तपासण्या, थायरॉइड, लिव्हर, टेस्टोस्टेरॉन, इस्ट्रोजेन, प्रोलॅक्टिन, आणि वृषणांची सोनोग्राफीसुद्धा, कारण क्वचित तिथल्या गाठीमुळेही छाती वाढते. गोळ्या कोणत्या घेतो तेही विचारलं, बीपीच्या आणि अॅसिडिटीच्या काही गोळ्यांनीही हे होते. सगळं नॉर्मल आलं. म्हणाल्या आता नागपूरला प्लास्टिक सर्जनला दाखव, पण डिग्री बघून जा, एमसीएच नाही तर डीएनबी प्लास्टिक सर्जरी लिहिलेलं पाहिजे. फोनवाल्या मॅडमनी मला हे कधीच सांगितलं नसतं.

नागपूरला धंतोलीत गेलो. दारव्ह्यावरून यवतमाळ, तिथून वर्धेवरून नागपूर, एसटीनं सकाळचा निघालेला माणूस दुपारी पोचतो. सर्जन वयानं मोठे होते, सावकाश बोलायचे. हातानं दाबून पाहिलं, मधात टणक चकतीसारखं लागते ती ग्रंथी, आजूबाजूला मऊ ती चरबी, तुला दोन्ही आहे. चरबी बारीक नळीनं ओढून काढायची आणि ग्रंथी निपलच्या काळ्या गोलाच्या खालच्या कडेवर अर्धा गोल चीर देऊन, म्हणजे डाग त्या कडेतच लपते. मग काय काय बिघडू शकते ते सांगितलं, रक्त साचणं, पाणी साचणं, एक बाजू खोल जाणं, निपलला मुंग्या किंवा बधिरपणा. कागदावर पेननं काढून दाखवलं. आणि शेवटी विचारलं, हे झाल्यावर तुझ्या आयुष्यात काय बदलेल असं तुला वाटते. मी म्हणलो शर्ट काढता येईल. ते म्हणाले बस्स एवढंच? मी म्हणलो हो सर. त्यांनी मान हलवली आणि मगच तारखेचं बोलले. नंतर कळलं की हा प्रश्न ते सगळ्यांना विचारतात, आणि ज्याचं उत्तर लांबत जाते, लग्न जमेल, नोकरी लागेल, सगळे मान देतील, त्याला ते थांबवतात.

त्यांच्या खोलीत सुश्रुताचा फोटो होता. मी पाहत होतो तर सांगायला लागले की नाक पुन्हा बनवायची विद्या आपल्याकडचीच, कपाळाची कातडी फिरवून नाक करायचे. कावसजी नावाचा एक मराठी बैलगाडीवाला, इंग्रजांच्या फौजेत होता, टिपूच्या लोकांनी धरून त्याचं नाक कापलं, आणि पुण्याकडच्या एका कारागिरानं ते परत बनवलं, त्याची हकिगत १७९४ साली लंडनच्या मासिकात छापून आली तेव्हा तिकडच्या डॉक्टरांनी ते शिकायला घेतलं. मला ते ऐकून फार बरं वाटलं. आपण म्हणतो न, नाक कापलं गेलं, म्हणजे अब्रू गेली. त्या बैलगाडीवाल्याला जेवायला किंवा गाडी हाकायला नाकाची अडचण नव्हती, त्याला चार लोकांत तोंड दाखवायचं होतं.

पैशाचं. पॅकेज ५५,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ९,९००, एकूण ६४,९००. कायद्यात असं आहे की जन्मजात व्यंग, वाढीतला दोष नाही तर अपघात, यामुळे बिघडलेलं शरीर नीट करण्याच्या सर्जरीला जीएसटी नाही, बाकी कॉस्मेटिकला लागतो. माझं कॉस्मेटिकमध्ये धरलं. मी तेव्हा भांडलो नाही, कारण काउंटरवर मोठ्यानं सांगावं लागलं असतं की मला काय झालं आहे, आणि मागं लाइन होती. विम्यात तर हे सहसा बसत नाही. मी कृषी केंद्रात कामाला होतो, महिन्याला ९,००० मिळायचे, ४०,००० जमा होते. बाकीच्यासाठी आईला सांगणं भाग होतं.

कापूस वेचायचे दिवस होते. संध्याकाळी आई चुलीसमोर भाकरी टाकत होती, बाबा घरी नव्हते, मी आठ दिवसांपासून मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं. म्हणलो, आई, मले एक सांगायचं हाय, माह्या छातीचं. तिनं तव्यावरून नजर उचलली नाही. म्हणे, "मले काय समजत नाही का रे बाप्पा? दहा वर्सापासून रोज दोन बनियाना धुवून राहिली मी." मग भाकर उलटली, आणि म्हणे, "तू सांगशीन म्हणून वाट पाहिली. पोराले कसं इचारावं?" मला काही बोलताच आलं नाही. तिनं बचत गटातून २५,००० उचलले, गटात कारण सांगितलं पोराचं ऑपरेशन.

बाबांना आम्ही दोघांनी एवढंच सांगितलं की छातीत गाठ आहे, काढायची आहे. ही आमची मोठी चूक झाली. गाठ म्हटल्यावर बाबांनी मनात कॅन्सरच धरला, कारण काकूला तसंच झालं होतं. ते कोणाला विचारणारे नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये ऑपरेशनच्या दिवशी ते सोबत आले, आणि मी आत असताना त्यांनी सिस्टरला विचारलं, "बाई, पोट्टं वाचीन न?" ती बिचारी गोंधळली. तिनं त्यांना बाजूला बसवून सगळं समजावलं. मी शुद्धीवर आलो तेव्हा बाबा पायाशी बसले होते, डोळे लाल, म्हणे, "मले सांगतलं असतं त काय मारलं असतं का तुले?" आणि मग म्हणे, "भरतीच्या दिवशी तू धावलाच नाही न?" मी नाही म्हणलो. त्यांनी माझ्या पायावर हात ठेवला आणि तसाच ठेवला, खूप वेळ.

ऑपरेशनचं मला फार आठवत नाही. रात्री बारानंतर पाणीसुद्धा नाही, सकाळी सर्जननी उघडं उभं करून मार्करनं छातीवर गोल काढले, समोरून बाजूनं फोटो घेतले. खांदे मागं घे म्हणाले, सरळ उभा राहा. ते पाच मिनिटं मला ऑपरेशनपेक्षा कठीण गेले. मग हातात सुई, तोंडावर मास्क, आणि पुढचं काही नाही. उठलो तर छातीवर कोणीतरी बसल्यासारखं, घट्ट जॅकेट, दोन्ही बाजूंनी बारीक नळ्या आणि त्यांना लहान डबे, त्यात लाल पाणी. काढलेलं सामान बरणीत दाखवलं, पांढरट, रबरासारखं, एक लिंबाएवढं. तेही पॅथॉलॉजीला गेलं, साधं निघालं. दहा वर्षं मी ज्याला भीत होतो ते एवढंसं होतं.

नळ्या दोन दिवसांनी निघाल्या. दुखणं म्हणजे खूप दंडबैठका मारल्यावर दुखते तसं, पण कूस बदलता येत नाही, हात वर जात नाही, आंघोळ आईच्या हातानं. जॅकेट सहा आठवडे, रात्रंदिवस, म्हणून मी थंडी निवडली होती, आमच्या उन्हाळ्यात ते जमलंच नसतं. नवव्या दिवशी डावी बाजू फुगली. हात लावला तर आत पाणी हलते. मी रात्रभर झोपलो नाही, वाटलं परत आलं. सकाळच्या पहिल्या एसटीनं नागपूर, सर्जननी सिरिंजनं पाणी ओढलं, म्हणाले होते असं काहींना. पाच दिवसांनी परत भरलं, परत नागपूर. जाहिरातीतला अर्ध्या तासाचा हिशोब हा असा असतो, चार वेळा जाणंयेणं, कृषी केंद्रातून महिनाभर बिनपगारी सुट्टी, तीन महिने डाव्या निपलला काही जाणवत नव्हतं. आणि आजही डावी बाजू हलकीशी खोल आहे, हात वर केला की दिसते. मी ती पाहतो, पण मला त्याचं वाईट वाटत नाही.

ड्रेसिंगच्या फेऱ्यांत वेटिंगमध्ये जी माणसं भेटली ती मला ऑपरेशनपेक्षा जास्त लक्षात आहेत. एक ताई, गळ्यापासून खांद्यापर्यंत भाजलेली, लहानपणी उकळतं तेल सांडलं होतं, मान पूर्ण वळायची नाही. तिला पाहायला आलेली तीन स्थळं ओढणी सरकली आणि चहा पिऊन परत गेली. तिनं स्वतः शिवणकाम करून पैसे जमवले होते, आणि म्हणाली लग्नासाठी नाही करत मी, मले मान वळवून मागं पाहायचं हाय. एक पोट्टा केस लावायला आलेला, पंचविशीचा, त्याची होणारी बायको काही म्हणत नव्हती, तिची आत्या म्हणत होती. आणि एक चंद्रपूरकडची मुलगी, कॉलेजात, नाकासाठी. तिला सर्जननी परत पाठवलं होतं आणि ती तरी दुसऱ्यांदा आली होती. तिनं मला मोबाइलमधले स्वतःचे फोटो दाखवले, सगळे हाताच्या अंतरावरून काढलेले. सर्जननी तिला सांगितलं होतं की चेहऱ्यापासून फूटभरावरून फोटो काढला की नाक जवळपास ३० टक्के रुंद दिसते, जवळचं मोठं आणि लांबचं लहान, कॅमेऱ्याचं गणितच तसं आहे, पाच फुटांवरून कोणाला तरी काढायला सांग. मी तिच्याकडे पाहत होतो, समोर बसलेली होती, नाक चांगलं होतं. पण मी काही बोललो नाही, कारण मलाही कोणी म्हटलं असतं की तुझं फार काही दिसत नाही, तर मी त्या माणसाचा राग केला असता.

मी यावर खूप विचार केला. चिडवलं त्यांनी आणि कापून घेतलं मी, हे बरोबर आहे का. ती पोरं आता माझ्याशी चांगली बोलतात, त्यांना ते नाव आठवतही नाही. मग मी माझं शरीर त्यांच्यासाठी बदललं का? कधी कधी हो असं वाटते, आणि तेव्हा राग येतो. पण नाकासाठी आलेल्या त्या मुलीचं आणि माझं वेगळं आहे असंही ठामपणे म्हणवत नाही, आम्हा दोघांनाही कोणाच्या तरी नजरेनंच तिथं आणलं होतं. फरक एवढा की माझ्या छातीत खरंच गाठ होती, आणि मला थांबवणारा प्रश्न विचारणारे दोन डॉक्टर वेळेवर भेटले.

जून २०२४ ला परत मैदानी झाली. रात्री पाऊस पडून गेला होता, मैदान ओलं. लाइनीत उभा राहिलो, शर्ट काढला, बनियान काढली, दोन्ही हातात धरल्या. हवा लागली छातीला. टेपवाल्यानं टेप फिरवला, ८४, फुगव, ९०, पुढचा. माझ्याकडे वर पाहिलंसुद्धा नाही. गोळ्यात मार्क कमी पडले, नाव लागलं नाही, पुढच्या भरतीची तयारी चालू आहे. बाबांना त्या रात्री मी खरं खरं सांगितलं, किती सेकंदांत धावलो ते.

आता गेल्या महिन्यातलं. आमच्या शेजारच्या काकूंनी आईपाशी गोष्ट काढली, त्यांचा नववीतला पोरगा शाळेत जायला मागत नाही. आईनं त्याला माझ्याकडे पाठवलं. तो आला, खांदे पुढे, उन्हाळ्यात फुल बाह्यांचा शर्ट. मी त्याला सगळं सांगितलं, नाव सांगितलं, म्हणलो आधी डॉक्टरला दाखवू, मी येतो संगं, पण तू आता चौदाचा आहे, दोन वर्षं थांब, बहुतेक आपोआप बसते. तो मान खाली घालून ऐकत होता. मग म्हणे, "दादा, दोन वर्सं लय असतात न." माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी विचारलं कुठं सगळ्यात जास्त त्रास होते. म्हणे, पीटीत, कबड्डीत.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो. माझ्या वेळचे सर रिटायर झाले, नवीन सर तरुण आहेत, मी पोराचं नाव न घेता विचारलं की सर, अजूनही एक टीम उघडी असते का. म्हणाले हो, तेव्हापासून तसंच चालत आलं. मी कारण सांगितलं, माझंच. त्यांनी ऐकून घेतलं, खिडकीतून मैदानाकडे पाहिलं आणि म्हणाले, मग दंडाला पट्ट्या बांधू ना, लाल आणि हिरव्या. मंगळवारच्या बाजारातून मी दोन मीटर लाल आणि दोन मीटर हिरवं कापड आणून दिलं, आईनं रात्री बसून त्याच्या चौदा पट्ट्या फाडल्या आणि कडा शिवल्या.